मूल उशिरा बोलतंय? मराठीला दोष देऊ नका, तपासणी लांबवू नका

परदेशातल्या मराठी घरात मूल दोन-अडीच वर्षांचं झालं आणि अजून नीट बोलत नसलं, की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला भारतातून व्हिडिओ कॉलवर येतो. "अगं, काळजी करू नकोस. मुलगे उशिराच बोलतात. याचा बाबासुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता, आणि आता बघ!" दुसरा सल्ला इथेच, पार्कात किंवा चाइल्डकेअरच्या दारात मिळतो. "घरी मराठी आणि बाहेर इंग्लिश, म्हणून तो गोंधळलाय. आधी मराठी बंद करा."

सल्ला देणाऱ्यांची माया खोटी नसते. पण दोन्ही सल्ल्यांचा परिणाम एकच होतो. मुलाकडे नीट बघायचं राहून जातं. पहिल्या सल्ल्यात वाट बघण्यात सहा महिने जातात. दुसऱ्यात घरची भाषा बदलून फरक पडतो का, हे पाहण्यात आणखी सहा. तीन वर्षांच्या मुलाच्या हिशेबात एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा. शिवाय या खटाटोपात घरातली मराठी जाते ती जातेच. पुढे आजी-आजोबांशी बोलायला त्या मुलाकडे शब्दच उरत नाहीत.

म्हणून इथल्या आईबाबांना आणि तिकडच्या आजी-आजोबांना एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. मुलाच्या वाढीत उशीर आहे का, हे ओळखायला तुमच्याकडे जे सगळ्यात चांगलं साधन आहे ते म्हणजे घरची मराठी. तीच आधी फेकून देऊ नका. आणि शंका आली की थांबू नका. ऑस्ट्रेलियात लहान मुलांसाठी मदत मिळवायला पूर्ण निदानाची वाट पाहावी लागत नाही, हे आपल्यातल्या अनेकांना माहीतच नसतं.

दोन भाषांचा गोंधळ?

आधी भाषेचं बघू. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू ऐकत मुलं मोठी होतात. बेळगाव-निपाणीकडे मराठी-कन्नड, मुंबईच्या चाळीत मराठी-हिंदी-गुजराती. दोन-तीन भाषा कानावर पडल्या म्हणून तिथली मुलं मुकी राहिलेली नाहीत. दोन भाषांत वाढणारी मुलंही पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास बोलतात आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दोन शब्द जोडू लागतात. फक्त त्यांचे शब्द दोन भाषांत विभागलेले असतात.

गडबड होते ती मोजताना. मूल 'पाणी', 'बॉल', 'आई', 'कार' आणि 'दूध' असे पाच शब्द बोलत असेल, तर चाइल्डकेअरमधल्या बाईंना त्यातले दोनच ऐकू येतात आणि व्हिडिओ कॉलवरच्या आजीला कदाचित तीन. बेरीज कोणीच करत नाही. म्हणून तपासणीला जाताना मुलाच्या सगळ्या शब्दांची यादी करून न्यावी. मराठी, इंग्रजी, 'भुर्र' आणि 'मंमं'सारखे घरगुती शब्दसुद्धा. स्पीच पॅथॉलॉजिस्टला या यादीचा खूप उपयोग होतो.

दुसरी गोष्ट गप्प राहण्याची. भारतातून नुकतंच आलेलं किंवा घरी फक्त मराठी ऐकलेलं मूल चाइल्डकेअरमध्ये काही आठवडे, कधी काही महिने इंग्रजी बोलत नाही. ते ऐकत असतं, अंदाज घेत असतं. पण तेच मूल घरी आल्यावर मराठीत बडबड करत असेल, भांडत असेल, 'हे काय?' विचारत असेल, तर सहसा चिंतेचं कारण नसतं. याउलट मूल घरीही, मराठीतही तितकंच गप्प असेल, 'चप्पल आण' म्हटल्यावर त्याला कळत नसेल, 'बाबा कुठेय?' विचारल्यावर मान वळत नसेल, तर तिथे प्रश्न इंग्रजीचा नाही. भाषा आत्मसात करण्यातच खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. चाइल्डकेअरमध्ये ही तुलना होऊ शकत नाही, कारण तिथे मराठी येणारं कोणी नसतं. ती तुम्हीच करू शकता.

विकासात उशीर असलेल्या मुलांना तरी एकच भाषा द्यावी, असंही सांगितलं जातं. वरवर ते पटतं. पण कॅनडात डाउन सिंड्रोम असलेल्या दोन भाषा बोलणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच पातळीवरच्या, पण फक्त इंग्रजी बोलणाऱ्या डाउन सिंड्रोमच्या मुलांपेक्षा ही मुलं इंग्रजीत मागे पडलेली दिसली नाहीत. स्वमग्न मुलांबाबतचे नंतरचे अभ्यासही साधारण हेच सांगतात. घरची भाषा सोडू नका, हाच सल्ला आज इथल्या स्पीच पॅथॉलॉजीच्या व्यवसायात मान्य आहे. तरीही एखाद्या तज्ज्ञाने 'घरी फक्त इंग्लिश बोला' असं सांगितलंच, तर त्यामागचं कारण नम्रपणे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

बघायचं काय?

उशीर फक्त बोलण्यात दिसत नाही. किंबहुना शब्दांच्या आधी दिसणाऱ्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या असतात. वर्षाचं बाळ नावाने हाक मारल्यावर वळून बघतं का? डोळ्यात डोळे घालून हसतं का? टाटा करतं का? दीड वर्षाचं मूल विमान किंवा कुत्रा दिसला की बोट दाखवून, तुमच्याकडे बघून 'तूही बघ' असं सुचवतं का? हातातली वस्तू आणून दाखवतं का? टाळ्या, झाडू मारणं, फोनवर बोलणं यांची नक्कल करतं का? बाहुलीला खोटं खोटं जेवण भरवतं का?

मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठातल्या जोसेफीन बार्बारो यांनी अशाच निरीक्षणांची एक पद्धत तयार केली आणि व्हिक्टोरियातल्या मॅटर्नल अँड चाइल्ड हेल्थ नर्सना ती शिकवली. २०२२ मध्ये या पद्धतीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १३,५११ मुलं होती. एक ते दोन वर्षांच्या वयात ज्यांच्याबाबत नर्सनी स्वमग्नतेची शंका नोंदवली, त्यातल्या ८३ टक्के मुलांचं निदान खरोखर तेच निघालं. यात काही महागडं मशीन नव्हतं. साध्या भेटीत काय बघायचं हे माहीत असलेली नर्स होती. याच विद्यापीठाचं 'एएसडिटेक्ट' नावाचं मोफत अ‍ॅप २०१६ पासून आहे. ११ ते ३० महिन्यांच्या मुलांच्या पालकांना ते वापरता येतं.

हे प्रश्न आजी-आजोबाही विचारू शकतात. 'मुलगे उशिराच बोलतात' हे वाक्य बाजूला ठेवून 'हाक मारली की बघतो का गं?' एवढंच विचारा. तुम्ही सहा महिन्यांसाठी इकडे येता तेव्हा दिवसभर मुलाबरोबर तुम्हीच असता. तुमचं निरीक्षण आईबाबांच्या दहा गुगल सर्चपेक्षा मोलाचं आहे. फक्त ते दिलासा देण्यासाठी वापरू नका, बघण्यासाठी वापरा.

'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हेही खरं नाही. होतं, पण त्याला नाव नव्हतं. भारतात पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. त्यातलं एक ठिकाण उत्तर गोवा होतं. २०१८ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार जवळपास आठांत एका मुलाला विकासाशी किंवा मज्जासंस्थेशी संबंधित निदान एक अडचण होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली. अंगणवाडी आणि शाळेत मुलांना तपासून विकासातला उशीर शोधणं आणि जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवणं हा त्याचाच भाग. मुंबईत 'उम्मीद' ही संस्था २००१ पासून याच क्षेत्रात काम करते आहे. म्हणजे तिकडेही काळ बदलला आहे. आपण मात्र देश सोडताना जो काळ बरोबर घेऊन आलो, त्यातच अडकलेलो असतो.

दार कुठलं ठोठवायचं?

इथे यंत्रणा आहे, पण ती आपल्याला शोधत घरी येत नाही. व्हिक्टोरियात जन्मापासून साडेतीन वर्षांपर्यंत नर्सच्या दहा भेटी ठरलेल्या आहेत आणि त्या मोफत आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये बाळाचं निळं पुस्तक असतं, क्वीन्सलंडमध्ये लाल, व्हिक्टोरियात हिरवं, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात जांभळं. त्या पुस्तकात वयानुसार प्रश्न दिलेले असतात. आपण पुस्तक लसीची नोंद करण्यापुरतं उघडतो. दोन वर्षांच्या आणि साडेतीन वर्षांच्या भेटीला इंजेक्शन नसतं, म्हणून 'काय जायचंय' असं वाटतं. खरं तर बोलणं, खेळणं, समज याबद्दल बोलायच्या मुख्य भेटी याच. मूल दीड-दोन वर्षांचं असताना भारतातून आलेल्या कुटुंबांना तर हे पुस्तकच मिळालेलं नसतं. त्यांनी आपल्या कौन्सिलकडे किंवा जीपीकडे स्वतःहून चौकशी करावी.

शंका असेल तर पहिली तपासणी कानांची करून घ्यावी. जन्माच्या वेळची तपासणी चांगली आली असली तरी नंतर मधल्या कानात पाणी साठून मुलांना कमी ऐकू येऊ शकतं. अशा मुलाला उशिरा का होईना, पण नेमका उपाय मिळतो. बाकीची वाट त्यानंतर.

एनडीआयएस म्हणजे नॅशनल डिसेबिलिटी इन्शुरन्स स्कीम. प्रॉडक्टिव्हिटी कमिशनच्या २०११ च्या अहवालातून ही कल्पना पुढे आली, २०१३ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी जुलैत काही भागांत योजना सुरू झाली. या योजनेत सहा वर्षांखालील मुलासाठी 'विकासात उशीर' एवढं पुरेसं धरलं गेलं. स्वतःची कामं, भाषा समजणं आणि बोलणं, आकलन किंवा हालचाल यांपैकी एखाद्या बाबतीत मूल वयाच्या मानाने बरंच मागे असेल आणि त्याला एकाहून अधिक तज्ज्ञांची दीर्घकाळ मदत लागणार असेल, तर 'ऑटिझम आहे की नाही' याचा निकाल लागेपर्यंत थांबायचं नाही, अशी त्यामागची भूमिका. नाव नंतर ठरेल, मदत आधी.

आता या योजनेत मोठे बदल होत आहेत. सहा वर्षांच्या दर दहा मुलांत एक मूल एनडीआयएसमध्ये आहे, असं सांगत आरोग्यमंत्री मार्क बटलर यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये 'थ्रायव्हिंग किड्स' या नव्या कार्यक्रमाची घोषणा केली. आठ वर्षांपर्यंतच्या, सौम्य ते मध्यम स्वरूपाच्या अडचणी असलेल्या मुलांना एनडीआयएसबाहेर, म्हणजे आरोग्यकेंद्र, चाइल्डकेअर, शाळा अशा रोजच्या ठिकाणी मदत द्यायची, अशी ही दिशा आहे. पालकांमध्ये त्यामुळे धाकधूक आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. जुनी सेवा बंद होण्याआधी नवी उभी राहील का, हा प्रश्न रास्तच आहे. पण योजनेचं नाव काहीही असो, ज्या मुलाची अडचण कुठेही नोंदलेली नाही त्याच्यापर्यंत कोणतीच योजना पोहोचत नाही. सरकारी तपासणीसाठी महिनोन्‌महिने रांग असते. रांगेत नाव घालायला पक्की खात्री लागत नाही, शंका पुरते.

इंग्रजीत नीट सांगता येत नसेल तर दुभाषी मागता येतो. टीआयएस नॅशनलचा क्रमांक १३१ ४५० आहे. 'आपलं इंग्लिश चांगलं आहे' असं म्हणून आपण दुभाषी टाळतो. पण ऑफिसातलं इंग्लिश वेगळं आणि आपल्या लेकराबद्दल रडू आवरत बोलायचं इंग्लिश वेगळं. एकटी आलेली आजी मुलाला घेऊन जाणार असेल तर दुभाषी हवाच.

व्हिसाची भीती

इथे एका गोष्टीवर उघड बोललं पाहिजे. अनेक घरांत तपासणी लांबते ती अज्ञानामुळे नव्हे, तर पीआरच्या भीतीमुळे. 'निदान कागदावर आलं तर पीआर अडकेल.' ही भीती हवेतली नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी आरोग्याची अट आहे. अर्जदाराच्या किंवा त्याच्या मुलाच्या प्रकृतीमुळे सरकारवर ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च पडेल असा अंदाज निघाला, तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो. जुलै २०२४ पासून ही मर्यादा ८६,००० डॉलर आहे. काही व्हिसांमध्ये या अटीतून सूट मागता येते, सगळ्यांत नाही. आणि अपंगत्वावरून भेदभाव करू नये असं सांगणारा १९९२ चा जो कायदा या देशात आहे, त्यातून स्थलांतराचा कायदा मात्र वगळलेला आहे.

२०२३ मध्ये पर्थमधल्या एका भारतीय कुटुंबावर देश सोडायची वेळ आली होती, कारण त्यांच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. आईबाबा दोघंही इथे नोकरी करणारे, कर भरणारे. खूप आवाज उठल्यावर मंत्र्यांनी हस्तक्षेप केला आणि त्यांना राहता आलं. त्या एका घराला न्याय मिळाला, पण नियम तसाच राहिला. मंत्र्याच्या मर्जीवर मुलाचं भवितव्य सोपवणारा नियम अन्यायाचा आहे, असं माझं मत आहे. आपल्या मंडळांनी आणि भारतीय संघटनांनी हे स्थानिक खासदारांपुढे मांडत राहिलं पाहिजे. दिवाळीच्या कार्यक्रमाला त्यांना पहिल्या रांगेत बसवतोच, तर एकदा हेही विचारावं.

पण लपवणं हा यावरचा उपाय नाही. व्हिसाच्या अर्जात खोटी माहिती देणं हेच स्वतंत्रपणे व्हिसा नाकारायचं कारण ठरू शकतं. शिवाय प्रत्येक उशीर म्हणजे कायमचं अपंगत्व असं नसतं. कानातल्या पाण्यापासून साध्या भाषिक उशिरापर्यंत अनेक कारणं असतात. ती कळली तर निम्मी भीती तिथेच संपते. ज्यांचा पीआर अजून व्हायचा आहे त्यांनी फेसबुक ग्रुपवर विचारण्याऐवजी नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकिलाचा सल्ला घ्यावा, तोही लवकर. आणि एनडीआयएससाठी नागरिकत्व किंवा पीआर लागतो हे खरं असलं, तरी नर्स, किंडरच्या शिक्षिका, वाचनालयातला गोष्टींचा तास, प्लेग्रुप यांच्यापाशी जायला कोणी अडवत नाही.

थेरपी म्हणजे क्लास नव्हे

मदत मिळायला लागली की आपल्या लोकांची दुसरी सवय पुढे येते. आपण थेरपीला क्लास समजतो. मूल सोडायचं, गाडीत बसून ईमेल बघायचे, तासाने मूल घ्यायचं. दर आठवड्याला एक तास कमी वाटला तर दोन, मग तीन. एनडीआयएसच्या दरपत्रकात स्पीच थेरपीचा तासाचा दर बरीच वर्षं १९४ डॉलरच्या आसपास राहिलेला आहे. स्वतःच्या खिशातून भरणाऱ्याला हा आकडा घाम फोडतो. 'जास्त तास म्हणजे जास्त गुण' हा हिशेब इथे लागू पडत नाही.

साधं गणित करा. तीन वर्षांचं मूल रोज बारा तास झोपतं असं धरलं तरी आठवड्याला ८४ तास जागं असतं. त्यातला एक तास थेरपिस्टचा. उरलेले ८३ तास कोणाचे? जेवताना, अंघोळीला, बूट घालताना, भाजी आणताना, झोपवताना ते मूल तुमच्याबरोबर किंवा चाइल्डकेअरमध्ये असतं. खरं शिकणं तिथे होतं. म्हणून चांगली थेरपिस्ट मुलाइतकंच आईबाबांना शिकवते. थेरपिस्ट निवडताना हे जरूर बघा. ती तुम्हाला खोलीत बसवते का? घरी काय करायचं ते दाखवते का? तुमच्या घरी काय बोलतात, काय खातात, कोण कोण राहतं, हे विचारते का?

पर्थ आणि मेलबर्नमधल्या एका अभ्यासाचं उदाहरण घ्या. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वमग्नतेची सुरुवातीची लक्षणं दिसणारी १०४ बाळं, वय साधारण नऊ ते चौदा महिने. त्यातल्या निम्म्या घरांत पाच महिन्यांत दहा वेळा प्रशिक्षित व्यक्ती गेली. आईबाबा आणि बाळ खेळत असतानाचा व्हिडिओ काढायचा आणि मग तो एकत्र बघायचा. इथे बाळाने तुमच्याकडे बघितलं, इथे त्याला काहीतरी सांगायचं होतं, तुम्ही काय केलंत? एवढंच. तीन वर्षांचं झाल्यावर त्या गटातल्या ६.७ टक्के मुलांचं स्वमग्नतेचं निदान झालं, दुसऱ्या गटातल्या २०.५ टक्के मुलांचं. एका लहान अभ्यासावरून फार मोठं विधान करू नये, आणि स्वमग्नता 'बरी करायची' असा याचा अर्थही घेऊ नये. पण आईबाबांचं मुलाकडे बघणं आणि त्याला प्रतिसाद देणं किती मोलाचं आहे, हे त्यातून दिसतं.

आता मराठीचा मुद्दा पुन्हा इथे जोडून बघा. हे सगळं मुलाशी होणाऱ्या देवाणघेवाणीवर उभं आहे. जी आई मराठीत मुलाला सहज खेळवते, 'आलं आलं आलं, विमान आलं, आ कर!' असं म्हणत घास भरवते, तिला घरात फक्त इंग्लिश बोलायला लावलं तर ती कमी बोलते. जपून बोलते. 'ईट', 'कम', 'नो', 'शूज' एवढ्यावर येते. आजी तर गप्पच होते. ज्या मुलाला जास्त बोलणं ऐकायची गरज आहे, त्याच्याच घरात शांतता पसरते. उपाय म्हणून सांगितलेली गोष्ट नेमकी उलटी काम करते. थेरपिस्टने 'रोज पाच नवे शब्द' दिले असतील तर ते मराठीत घ्यायला काहीच हरकत नाही. तिला तसं सांगा. चित्रांचे तक्ते करताना खाली देवनागरीत शब्द लिहा. बडबडगीतं गा. त्यातलं तेच तेच पुन्हा येणं, हातवारे आणि 'पुढचा शब्द तू म्हण' असं मध्ये थांबणं, हे सगळं थेरपीत जे करतात त्यापेक्षा फार वेगळं नाही.

शाळेपासून लपवू नका

पाच वर्षांचं मूल प्रेपला किंवा किंडरगार्टनला जायला निघालं की आईबाबांना वाटतं, शाळेला सांगितलं तर शिक्का बसेल. इथे थोडं वेगळं आहे. १९९२ च्या त्याच कायद्याखाली २००५ मध्ये शिक्षणासाठीचे निकष आले. त्यानुसार शाळेने पालकांशी बोलून मुलासाठी वाजवी बदल करणं बंधनकारक आहे. बसायची जागा, चित्रांचं वेळापत्रक, सूचना तोडून देणं, गोंगाट झाला की थोडा वेळ बाहेर जायची मुभा, गरजेनुसार मदतनीस. अशा बदलांची देशभर नोंद होते. आज ऑस्ट्रेलियातल्या दर चार विद्यार्थ्यांमागे जवळपास एकाची त्यात नोंद आहे. म्हणजे तुमचं मूल वर्गात एकटं वेगळं नसतं.

साधी शाळा की विशेष शाळा, यावर एकच उत्तर नाही. अपंगत्वाविषयीच्या रॉयल कमिशनने सप्टेंबर २०२३ मध्ये अहवाल दिला, तेव्हा विशेष शाळा हळूहळू बंद कराव्यात की ठेवाव्यात यावर खुद्द आयुक्तांतच दोन तट पडले. त्यामुळे नातेवाइकांनी तरी 'त्या शाळेत घातलंत?' असं म्हणून आईबाबांच्या जखमेवर मीठ चोळू नये. दोन्ही प्रकारच्या शाळा स्वतः बघून, मुलाला तिथे कसं वाटतं ते पाहून त्यांनी ठरवलेलं असतं.

मंडळांनी काय करावं?

शेवटी आपल्याविषयी. सिडनी, मेलबर्न, पर्थ, ब्रिस्बेनमधली मराठी मंडळं गणपती, दिवाळी, नाटकं उत्तम करतात. पण विकासात उशीर असलेलं मूल असलेली घरं हळूहळू या कार्यक्रमांतून दिसेनाशी होतात. ढोल-ताशाचा आवाज मुलाला सहन होत नाही. रांगेत ते थांबत नाही. मग कोणीतरी 'याला जरा शिस्त लावा' म्हणतं आणि ते घर पुढच्या वर्षी येत नाही. जिथे त्यांना आधार मिळायचा, तिथूनच ती माणसं बाहेर पडतात.

यावर फार पैसा लागत नाही. गणपतीच्या हॉलमध्ये एक शांत खोली ठेवता येईल. आरतीला ढोल किती वाजता सुरू होणार हे आधी कळवता येईल, म्हणजे ज्यांना बाहेर जायचंय ते जातील. रविवारच्या मराठी शाळेत 'याला मराठी झेपणार नाही, आधी इंग्लिश येऊ द्या' असं म्हणून मुलाला परत पाठवू नये. अक्षरं नाही जमली तर गाणी, गोष्टी आणि खेळ जमतील. वर्षातून एकदा कौन्सिलच्या नर्सला किंवा स्पीच पॅथॉलॉजिस्टला बोलावून मराठीत प्रश्नोत्तरं ठेवता येतील. आपल्यातच या क्षेत्रात काम करणाऱ्या मराठी ओटी आणि स्पीच थेरपिस्ट आहेत. आणि ज्या आईबाबांनी ही वाट आधी चालली आहे, त्यांची तयारी असेल तर नव्या घरांना त्यांच्याशी जोडून देता येईल. अशा वेळी 'आमचंही असंच होतं, अमुक दिवशी फोन कर, अमुक कागद ने' हे मराठीत सांगणारं माणूस लागतं.

तुमच्या घरात, भावाच्या घरात, शेजारी एखादं मूल असं असेल, तर या आठवड्यात तीन गोष्टी करता येतील. त्याच्या दोन्ही भाषांतल्या शब्दांची यादी करा. कानांच्या तपासणीची वेळ घ्या. नर्सला किंवा जीपीला फोन करून 'मला शंका आहे' एवढं सांगा. शंका खोटी निघाली तर पेढे वाटू. खरी निघाली तर मुलाचे काही महिने वाचले. आणि दोन्ही वेळी घरात मराठी बोलत राहा.